साडूंच्या मुलावर झालेले परदेशी परिणाम

जगाच्या नकाशावर जेवढे देश आहेत, त्यांतल्या निम्म्याअधिक देशांचा परिणाम आमच्या साडूंच्या मुलावर झालेला आहे, आणि त्यांतल्या एकाही देशाला याची कल्पना नाही. मी अडतीस वर्षं धुळे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. जाळीच्या खिडकीमागे बसून साक्रीची गाडी कुठे लागली आणि चोपड्याची का लागली नाही, हे जगाला ओरडून सांगणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे माणसं पाहायला मिळाली नाहीत अशी तक्रार मला करता येणार नाही. घरी भांडून निघालेले पाहिले, नवरीसकट चुकीच्या गाडीत बसलेलं अख्खं वऱ्हाड पाहिलं, कोंबडीचं अर्धं तिकीट मागणारेही पाहिले. पण चार वर्षं माझ्या घरात राहून, माझ्या बायकोच्या हातची शेवभाजी खाऊन, पाच देशांत वावरलेला माणूस तो एकच.

साडूंची जळगावला डाळमिल आहे. तुरीची डाळ. मुलाला धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा माझी मेहुणी त्याला ट्रंकेसकट आमच्याकडे सोडायला आली आणि म्हणाली, "भाऊजी, पोरगा अगदी शांत आहे. त्याचा तुम्हाला काही त्रास नाही." शांत आहे हे खरं होतं. ट्रंकेतून कपड्यांचे दोन जोड आणि पाच रेघांच्या कोऱ्या कागदांचे आठ गठ्ठे निघाले. त्या पाच रेघांवर तो दिवसभर काळे ठिपके काढत बसे. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "काका, मी संगीतकार आहे." मला बरं वाटलं. म्हटलं, एखादं गाणं म्हणून दाखव. तर म्हणतो, "माझ्या संगीतात गाणं नसतं." मग काय असतं बाबा? "प्रश्न असतात." आता प्रश्न आमच्या चौकशीच्या खिडकीवर दिवसाला हजार असायचे, पण त्याला कुणी संगीत म्हटल्याचं मला आठवत नाही. वय वर्षं अठरा. मिशी नुकती कुठे दिसायला लागलेली. आणि कालपरवा काढलेल्या ठिपक्यांकडे बोट दाखवून हा सांगणार, "हे माझं अगदी सुरुवातीचं काम. त्यावर परदेशी परिणाम जरा जास्त आहेत."

हे परिणाम पावसापाण्यासारखे येत. एक गेला की दुसरा. त्यांना तो 'काळ' म्हणे. आपण 'सध्या माझं पोट बिघडलंय' सांगतो, त्याच सुरात तो सांगायचा, "काका, सध्या माझा फिनलंडचा काळ चालू आहे." हा फिनलंडचा काळ नेमका मे महिन्यात आला. धुळ्याचा मे महिना. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं, असे दिवस. तर हा पठ्ठ्या माझ्या लग्नातला लोकरी कोट अंगात घालून, गळ्याला मफलर गुंडाळून, घरातला एकुलता एक कूलर तोंडासमोर ठेवून बसे. पाय टबात, टबात बर्फ. थंडीशिवाय सूर सुचत नाही म्हणे. आमच्या हिला वाटलं पोराला ताप भरलाय. तिने घाईघाईने अडुळशाचा काढा करून पाजला. तो त्याने डोळे मिटून घोटघोट प्यायला आणि म्हणाला, "मावशी, हा कडवटपणा मला दुसऱ्या भागात फार उपयोगी पडेल." फिनलंड आटोपेपर्यंत आम्ही दोघं नवराबायको ओले पंचे अंगावर टाकून बाहेरच्या खोलीत पडून होतो. मी एकदा चिडून विचारलंही, की तुझा हा काळ डिसेंबरात का नाही रे येत? तर म्हणाला, डिसेंबरात ब्राझील आहे.

ब्राझीलचं आणि अर्जेंटिनाचं मी फार सांगत नाही. अर्जेंटिनात म्हणे हाताने ताणायची एक पेटी असते. ती आपल्याकडे मिळत नाही, म्हणून याने आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी मागून आणली आणि मांडीवर उभी धरून ताणली. पेटीच ती, किती ताणेल? मंडळाच्या अध्यक्षांनी त्यानंतर मला रस्त्यात ओळख दाखवणं बंद केलं. जपानचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्याला साक्षीदार दोनशे आहेत.

माझ्या पुतणीचा साखरपुडा होता शिंदखेड्याला. हिने हौसेने सांगितलं, आमचा भाचा संगीतकार आहे, तो काहीतरी वाजवेल. मला जपानचा काळ चालू असल्याचं माहीत होतं, पण जपानमध्ये काय वाजवतात हे माहीत नव्हतं. हा कॅसिओसमोर बसला. एक सूर वाजवला. छान होता. मग हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून स्वस्थ बसला. आम्ही वाट पाहतोय. मिनिट झालं. कुणीतरी म्हणालं, लाईट गेली. पंखे फिरत होते, तरीही सगळ्यांनी ते मान्य केलं. नवऱ्या मुलाच्या मामांनी जाऊन बोर्डातली पिन काढली, फुंकर मारली, परत लावली. मांडववाला जनरेटर सुरू करायला धावला. एक काकू त्याच्या डोक्यावरून मीठमोहऱ्या उतरवून गेल्या. हा ढिम्म. चार मिनिटांनी त्याने दुसरा सूर वाजवला, पण तोवर पहिली पंगत वरणबट्टीवर बसली होती. परतीच्या गाडीत मला म्हणाला, "काका, त्या शांततेतच सगळी रचना होती." मी म्हटलं, "होती खरी. लोकांनी ती जेवून संपवली."

पण माझ्या सगळ्यांत लक्षात राहिला तो त्याचा हंगेरीचा काळ. हंगेरीतले थोर लोक म्हणे खेड्यापाड्यांत हिंडून तिथल्या बायाबापड्यांची गाणी टिपून घ्यायचे. हे वाचलं आणि याच्या अंगात आलं. आमची चुलती शिंदखेड्याच्या अलीकडच्या खेड्यात राहते. चार वर्षांत तिच्याकडे चल म्हटलं की याला अभ्यास असायचा. आता हंगेरीहून सांगावा आला म्हटल्यावर लगेच निघाला, गळ्यात पिशवी, हातात मोबाइल. पारावर बसून बायकांना म्हणाला, "मी आपलं पारंपरिक मौखिक धन संकलित करायला आलो आहे." झालं! 'धन' ऐकल्यावर अर्धं गाव रांगेत. प्रत्येकीच्या हातात आधार कार्ड. याने गाण्याचं विचारलं तर रांगेतली पहिली अक्का म्हणाली, "गानं मांगून म्हनसू भो, पयले मन्हं नाव लिखी ले. मांगला सायेब उना व्हता, त्यानी लिखंच नई." हा नाही म्हणू शकला नाही. संध्याकाळी परत आला तो त्रेचाळीस बायकांची नावं लिहून. गाणं एकही नाही. मी पोट धरून हसलो. पण दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून त्याने ती यादी पंचायत समितीत नेऊन दिली, पोच घेतली, आणि पुढे दोन महिने फेऱ्या मारून त्यांतल्या बऱ्याच जणींची अडलेली कामं मार्गी लावली. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, चुलतीकडून कळलं. तेव्हापासून त्याच्यावर ओरडताना माझा आवाज पूर्वीइतका चढत नसे.

आता साडूंचं सांगतो. माणूस सरळ, पण तराजूतला. आयुष्यभर डाळीच्या मिलमध्ये, चाळण्यांच्या धडधडाटात बसल्यामुळे घरी आल्यावर त्यांना चमच्याचाही आवाज सहन होत नाही. मुलाने लिहिलेलं काहीही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी एकदा आग्रह केला, तर म्हणाले, "साडूभाऊ, ज्या गोष्टीचं वजन करता येत नाही, तिच्यावर मी मत देत नाही." मुलगा इंजिनिअर झाला आणि साडूंनी मुदत घातली. दिवाळीपर्यंत काय ते परदेशाचं कर. नाही जमलं तर पाडव्याला मिलमध्ये येऊन बसायचं, आणि मग हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. वाईट नव्हते ते. त्यांनाही वडिलांनी असंच बसवलं होतं, आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

श्रावणात एक दिवस हा जळगावहून अचानक आमच्याकडे उतरला. हातात एक पत्र. युरोपातल्या कुठल्याशा गावातली संगीतशाळा. गावाचं नाव असं, की माझ्या खिडकीवर कुणी त्याचं तिकीट मागितलं असतं तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं. शाळा दरवर्षी बाहेरच्या देशांतले मोजके विद्यार्थी फुकट शिकवते. याने पाठवलेले ठिपके त्यांना आवडले होते. आता एकच अट. स्वतःची दहा मिनिटांची रचना, जिवंत माणसांनी वाजवलेली, दसऱ्याच्या आत पाठवायची. कॉम्प्युटरवर वाजवलेली चालणार नाही. "काका," तो म्हणाला, "मी इतकं लिहिलंय, पण माझं काहीच आजवर माणसांनी वाजवलेलं नाही." आणि मग, ज्या पोराला मी फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, तो खाली मान घालून म्हणाला, "मिलमध्ये बसायला माझी ना नाही हो. पण एकदा बसलो की मी बसेनच. माझ्याकडून पुन्हा उठणं होणार नाही, मला माहितीय." आमच्या हिने पदराने डोळे पुसले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, "तोंड धू आधी! माणसं बघतो मी."

धुळ्यात जिवंत माणसांचा ताफा म्हणजे लग्नाचा बँड. आमच्या जुन्या बँडचे मास्तर माझ्या ओळखीचे. त्यांचा मोठा ढोल टपावर चढेपर्यंत मी कितीतरी गाड्या थांबवून धरल्या होत्या. डीजे आल्यापासून त्यांच्या सुपाऱ्या घटल्या होत्या आणि चौदा माणसं दुपारभर दुकानाच्या ओट्यावर बसून असत. मास्तर एका शब्दात हो म्हणाले. दुकानामागच्या मोकळ्या जागेत चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. क्लॅरनेट, ट्रम्पेट, ते पोटावर घ्यायचं मोठं भोंग्याचं पितळी वाद्य, ढोल, झांजा. कुणालाही ठिपके वाचता येत नव्हते, म्हणून याने प्रत्येकाच्या कानाशी बसून त्याचा त्याचा भाग तोंडाने म्हणून पाठ करून घेतला. त्यात दोन आठवडे गेले. एकदा तर क्लॅरनेटवाल्याने याला चहाच्या टपरीवर नेलं आणि तिथे दोघं समोरासमोर "पँऽ पपँऽ" करत बसले होते, ते पाहून टपरीवाल्याने हळूच चहाचे पैसे आधी मागून घेतले.

मग आला सगळ्यांनी मिळून वाजवायचा दिवस. हा समोर उभा राहिला. हातात हिची विणकामाची सुई. परदेशात सगळे करतात तसे दोन्ही हात झोकात वर केले. चौदा माणसं गप्प. कुणी गाल फुगवले होते तेही सोडले. याने हात खाली घेतले, श्वास घेतला, परत वर केले. वाद्यं तोंडापासून आणखी खाली गेली. तिसऱ्यांदा वर केले, तेव्हा मास्तर खुर्चीतून उठले, टोपी काढली, याच्या खांद्यावरून मागे वाकून पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "पुढे मयत शे का?"

वरातीत बँडच्या पुढ्यात उभं राहून कुणी दोन्ही हात वर केले की त्याचा अर्थ एकच. थांबा, पुढे कुणाची प्रेतयात्रा आहे, वाजवू नका. तीस-तीस वर्षं हीच खूण पाहून थांबायची सवय लागलेले ते लोक. तो जितका जीव तोडून हात वर करी, तितके ते अदबीने गप्प होत. शेवटी त्याने मास्तरांकडून त्यांच्या खुणा शिकून घेतल्या आणि बँडची एक टोपीही डोक्यावर चढवली. तळहात खाली आणि कमरेजवळ हलवला की सुरू, बोट गोल फिरवलं की पुन्हा पहिल्यापासून, टोपीला हात लावला की आवरतं घ्या. पाच देश पालथे घातलेला माणूस, पण वाजवणं सुरू कसं करायचं हे त्याला ओट्यावर शिकावं लागलं.

तरी सूर धरेना. चार ठोके झाले की सगळं ढेपाळायचं. मास्तर म्हणाले, "बशीसन वाजाडानी सवयच नई आम्हले. आम्ही चालता चालताच वाजाडतस." बरोबरच होतं. त्यांचा ताल पायात, आणि पाय खुर्चीखाली. खुर्च्या उचलल्या. चौदा माणसं गोल चालायला लागली, आणि काय सांगू, पहिल्यांदाच ते ठिपके मला संगीतासारखे ऐकू आले. हा त्यांच्याकडे तोंड करून, मागे मागे चालत, कमरेजवळ हात हलवतोय. दोनदा नळावर आपटला. पण दुसऱ्या फेरीत ते पुन्हा मंदावले. आता काय? मास्तर मान हलवून म्हणाले, "मांगे कोनीच नई. वरात नई ते कोनाकरता वाजाडानं?" मी आणि ही निमूटपणे त्यांच्या मागे चालायला लागलो. आम्हाला पाहून त्यांना जरा धीर आला. पण दोन माणसांची कसली वरात? आणि वीस पावलांवर भिंत, भिंतीपलीकडे रिक्षांचे हॉर्न. पुरेशी मोठी, बंदिस्त आणि गप्प जागा हवी होती. अशी जागा मला एकच ठाऊक होती, आणि तिची किल्ली साडूंच्या कमरेला होती.

मी फोन केला. साडूंनी आधी माणसं किती ते विचारलं. मग म्हणाले, "मिल सुट्टीच्या दिवशी बंद असते. गोदाम उघडून देतो. मी ऐकायला थांबणार नाही." म्हटलं, उपकार झाले. मग मी डेपोत जाऊन जुन्या ओळखी काढल्या आणि बँडला जळगावच्या सकाळच्या गाडीत बसवलं. ढोल या वेळीही टपावर चढला, आणि गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली, ती कुणामुळे हे नव्या नियंत्रकाला मी सांगितलं नाही.

साडू ऐकायला थांबणार नव्हते, पण पोत्यांना धक्का लागू नये म्हणून थांबले. गोदामात छताला भिडलेल्या तुरीच्या थप्प्या आणि मधून फिरायला बोळ. रेकॉर्डिंगसाठी मोबाइल मधोमध दोरीने टांगला. वरात म्हणून मी, ही, मेहुणी आणि सुट्टी असूनही आलेले पाचसहा हमाल मागे उभे राहिलो. याने तळहात खाली घेतला. मास्तरांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं, आणि काढलं. इकडेतिकडे पाहून विचारलं, "नवरदेवना बाप कोठे शे? त्याबिगर वरात निंघत नई."

साडू दाराशी टेकून उभे होते. म्हणाले, "इथे नवरदेव कोण?" मास्तरांनी नुसतं मुलाकडे बोट दाखवलं. मुलगा खाली बघत होता. कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं, आटोपलं. आता किल्ली मागणार. साडूंनी पायजम्यावरचा कोंडा झटकला, दोन वेळा खाकरले, आणि येऊन हमालांच्या पुढे, बँडच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे राहिले. "चला, उरका," म्हणाले.

आणि बँड सुटला! पहिल्या फेरीत साडूंचं लक्ष सगळं पोत्यांकडे. कोपऱ्यावर बोळ इतका अरुंद, की भोंगेवाल्याला आडवं होऊन निघावं लागे आणि अख्खा बँड तेवढ्यापुरता अडखळून पुन्हा ताल धरी. दुसऱ्या फेरीत साडूंचं पाऊल ढोलाच्या ठेक्यावर पडायला लागलं. त्यांना ते कळत नव्हतं, मला दिसत होतं. मधला संथ भाग आला. बँडवाल्यांना संथ चाल माहीत ती प्रेतयात्रेची, त्यांनी ती तशीच, पाय ओढत वाजवली, आणि हमालांनी डोक्याचे रुमाल काढले. मग पुन्हा जलद. आता हा मागे मागे चालणारा वेग वाढवत सरळ थप्पीच्या कोपऱ्यावर निघालेला, डोळे बँडवर, मागचं काही दिसत नाही. मी ओरडणार होतो, पण मोबाइल चालू. तेवढ्यात साडू बाजूने पुढे सटकले. वजनदार माणूस, पण पोत्याला पाठ घासत असे गेले, की पोत्याला कळलं नाही. मुलाच्या मागे जाऊन त्यांनी त्याच्या पाठीवर पंजा टेकवला आणि त्याला अलगद कोपऱ्यावरून वळवलं. मुलाने मागे वळून पाहिलं नाही. हात चालूच. उरलेल्या साऱ्या फेऱ्या साडू तसेच, त्याच्या पाठीला हात लावून, त्याला रस्ता दाखवत चालले. आमच्या हिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी रडलो, आणि ते मी धुळीवर ढकललं.

याचा हात टोपीला गेला. वाजवणं थांबलं. साडूंनी हात काढून घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोपऱ्यावर ते ठेचकाळतात. तिथली पोती काढायला हवी होती." मग मास्तरांना विचारलं, "पुन्हा वाजवायचंय का? वाजवायचं असेल तर मी आहे इथेच."

ती रचना परदेशी पोचली. दहा दिवसांनी त्या लोकांनी याला व्हिडिओवर बोलावून घेतलं. कोणकोणत्या देशांचे परिणाम आहेत हे विचारतील म्हणून याने यादी करून ठेवली होती, मला फोनवर वाचून दाखवली, साडेतीन मिनिटं चालली. त्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. एकच विचारलं, की वाजवणारे दर थोड्या वेळाने जो हेलकावा खातात, तो फार सुंदर आहे, तो आपण कुठून घेतला? हा खोटं बोलू शकत नाही. म्हणाला, "तिथे तुरीची पोती होती." म्हणे ते सगळे हसले आणि एकाने ते लिहून घेतलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी निवडीचं कळलं. पाडव्याला साडूंनी मिलमध्ये एकट्यानेच पूजा केली, आणि तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही असं जे त्यांनी म्हटलं होतं, ते सोडून भेटेल त्याच्याकडे तोच विषय काढला.

त्याला जाऊन आता वर्ष होत आलं. घर शांत आहे. मला शांतता आवडते असं मी आयुष्यभर सांगत आलो, ते साफ खोटं निघालं. परवा त्याचा फोन आला. तिकडच्या शाळेतल्या मुलांनी त्याची तीच रचना मोठ्या सभागृहात वाजवली, हाच समोर उभा होता. मी विचारलं, कशी झाली रे? म्हणाला, "काका, एकही सूर चुकला नाही. हात वर केले की सुरू करतात, खाली घेतले की थांबतात. सगळे बसून वाजवतात, पोती नाहीत, तरी मी लिहून दिलेला तो हेलकावा कागदावर बघून बरोब्बर घेतला. लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला." मग थोडा थांबला. हा जपानचा काळ नव्हता, मला कळलं. "पण काका, माझ्या मागे कुणीच नव्हतं."

मी त्याच संध्याकाळी साडूंना फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून नुसत्या चाळण्यांचा धडधडाट ऐकू येत होता. मला वाटलं, फोन कट झाला. मी हॅलो हॅलो केलं.

"ऐकतोय," साडू म्हणाले. "पासपोर्टाला साधारण किती दिवस लागतात हो?"